मुलांना घरी लॅटिन शिकवायचंय? अभ्यासक्रम असा निवडा

होमस्कूलिंगमध्ये लॅटिन घ्यायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात पाच-सहा अभ्यासक्रमांची नावं कानावर येतात आणि प्रत्येकाचा चाहता सांगतो की आमचंच घ्या. मग पुस्तकं मागवली जातात. दोन महिन्यांत कळतं की या पुस्तकाला आईने किंवा वडिलांनी रोज शेजारी बसायला हवं आणि तेवढा वेळ घरात नाही. किंवा मूल शब्दरूपांचे तक्ते घडाघडा म्हणतं, पण चार शब्दांचं वाक्य समोर ठेवलं की गप्प होतं.

आणखी एक अडचण आहे, जिचा उल्लेख या अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकात सापडत नाही. बाजारात मिळणारे बहुतेक सगळे अभ्यासक्रम इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी लिहिलेले आहेत. त्या मुलांना जे जड जातं ते मराठी मुलाला सोपं असतं आणि मराठी मूल जिथे चुकतं तिथे ही पुस्तकं थांबतसुद्धा नाहीत. म्हणून पुस्तकांच्या यादीपासून सुरुवात करू नका. खालच्या क्रमाने जा.

१. कशासाठी शिकायचं, ते एका वाक्यात लिहा

कागद घ्या आणि "चार वर्षांनी माझ्या मुलाला लॅटिनमध्ये अमुक करता आलं पाहिजे" हे वाक्य पूर्ण करा. "भाषेची ओळख व्हावी" हे उत्तर चालणार नाही, कारण त्यावरून कोणतंच पुस्तक बाद होत नाही.

सीझर, सिसरो, व्हर्जिल हे रोमन लेखक मुळातून वाचायचे असतील तर वाचनावर भर देणारा किंवा पूर्ण व्याकरण शिकवणारा, म्हणजे शेवटपर्यंत जाणारा अभ्यासक्रम लागतो. इंग्रजी आणि शास्त्रीय परिभाषेतले शब्द समजावेत एवढंच हवं असेल तर लहान मुलांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरतो आणि तिथे थांबण्यात कमीपणा नाही. चर्चमधल्या प्रार्थना आणि गायन समजण्यासाठी शिकत असाल तर उच्चार आणि शब्दसंग्रह दोन्ही वेगळे निवडावे लागतात. परीक्षा द्यायची असेल तर आधी तिचा चालू वर्षाचा अभ्यासक्रम उघडा. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या शाळकरी मुलांसाठीच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या लॅटिन परीक्षेत बरीच वर्षं सीझर आणि व्हर्जिल होते. २०२५-२६ पासून सीझरच्या जागी प्लिनीची पत्रं आली. जुन्या सल्ल्यावर विसंबून सीझरची तयारी करणाऱ्याची मेहनत चुकीच्या ठिकाणी जाईल.

२. मूल तयार आहे का, हे पाहा

वयापेक्षा एक छोटी चाचणी जास्त सांगते. मुलाला ही तीन वाक्यं द्या आणि कर्ता कोण, कर्म कोणतं ते विचारा:

- कुत्र्याला मांजर चावलं.
- मुलाने पत्र लिहिलं.
- आजी नातीला गोष्ट सांगते.

पहिल्या वाक्यात कुत्रा आधी आला तरी चावलं कोण, हे बहुतेक मुलं बरोबर सांगतात. "पण हे तुला कशावरून कळलं?" असं विचारल्यावर मूल "ला"कडे बोट दाखवू शकलं, तर ते लॅटिनचं व्याकरण शिकायला तयार आहे. दाखवू शकलं नाही तर दोन-तीन महिने मराठी व्याकरणच करा: कर्ता, कर्म, विभक्ती, वचन, लिंग, काळ. हे महिने वाया जात नाहीत, पुढे दुप्पट वसूल होतात.

साधारण आठ वर्षांखालच्या मुलांसाठी गाणी, शब्द, लहान संवाद एवढंच ठेवा, तक्त्यांचं विश्लेषण नको. आठ ते अकरा या वयात पाठांतर फार सहज होतं, पण "हे रूप का आलं?" हे हळूहळू उमगतं, त्यामुळे एका पुस्तकाला दोन वर्षं लागली तरी चालतील. बारा-तेराव्या वर्षी सुरुवात करणारं मूल मागे पडलं असं समजू नका. लहानपणी दोन-तीन वर्षांत जे होतं ते या वयात एका वर्षात होतं. उशीर झाला या भीतीने सहा वर्षांच्या मुलाच्या हातात नामाचे तक्ते देऊ नका.

याच टप्प्यावर मुलाचं इंग्रजी वाचनही तपासा. स्पष्टीकरणं इंग्रजीत असतील आणि मुलाला तीच नीट वाचता येत नसतील, तर ते एकाच वेळी दोन भाषा शिकत बसेल. अशा वेळी एक तर स्पष्टीकरण तुम्ही मराठीत द्या, नाहीतर ज्या पुस्तकात स्पष्टीकरणाची भाषाच लॅटिन आहे असं पुस्तक निवडा.

३. रीत निवडा: आधी व्याकरण की आधी वाचन

बाकीचे सगळे फरक याच्यापुढे किरकोळ आहेत, म्हणून इथे वेळ द्या.

पहिल्या रीतीत मूल आधी रूपं पाठ करतं, मग ती वाक्यात लावतं. 'पुएल्ला' म्हणजे मुलगी. तिच्या एकवचनी रूपांचे शेवट मूल रोज म्हणतं: आ, आय, आय, आम, आ. मग अनेकवचन, मग दुसरा गट. लॅटिन नामांचे असे पाच गट आहेत आणि क्रियापदांचे चार. या रीतीचा फायदा असा की शिकवणाऱ्याला काय झालं आणि काय राहिलं हे कायम स्पष्ट असतं. तुम्हाला स्वतःला लॅटिन येत नसलं तरी उत्तरसूची धरून एक धडा पुढे राहता येतं. धोका असा की तक्ता हेच ध्येय होऊन बसतं. मुलाला 'पुएल्लाम' हे चौथं रूप आहे हे माहीत असतं, पण वाक्यात 'पुएल्लाम' दिसल्यावर मुलीच्या बाबतीत कुणीतरी काही करतंय, हे डोक्यात उजाडत नाही.

दुसऱ्या रीतीत मूल पहिल्या दिवसापासून सलग गोष्ट वाचतं आणि व्याकरण त्या गोष्टीतून वर येतं. डॅनिश भाषातज्ज्ञ हान्स ओर्बेर्ग यांचं 'लिंग्वा लातिना पेर से इल्लुस्त्राता' हे या रीतीचं सर्वांत ठळक उदाहरण. त्याचा पहिला भाग 'फामिलिआ रोमाना', ३५ प्रकरणांचा, सगळाच्या सगळा लॅटिनमध्ये. सुरुवात रोमन साम्राज्याच्या नकाशापासून होते आणि कुठलं शहर कुठे आहे एवढंच सांगणारी वाक्यं येतात. पानाच्या समासात लहान चित्रं आणि खुणा असतात, त्यावरून शब्दाचा अर्थ लागतो. कर्म शिकवायचं ते तिसऱ्या प्रकरणात, भावंडांच्या भांडणातून: मारणाऱ्याचं नाव कर्त्याच्या रूपात आणि मार खाणारीचं कर्माच्या रूपात. कोण रडतंय हे चित्रात दिसत असल्याने शेवटचं 'म' कशासाठी आहे हे मुलाला सांगावं लागत नाही.

या रीतीचा धोका उलटा आहे. हुशार मूल चित्र आणि संदर्भावरून अर्थ ताडतं, शब्दांचे शेवट पाहतच नाही. दहाव्या-बाराव्या प्रकरणापर्यंत छान चाललंय असं वाटतं. मग वाक्यं लांबतात, ताडणं जमेनासं होतं आणि मूल एकदम अडकतं. दोष पुस्तकाचा नसतो, प्रत्येक प्रकरणाखालचे सराव सोडून दिल्याचा असतो. हे पुस्तक घेतलंत तर प्रकरणाखालचे तिन्ही सराव आणि 'एक्सेर्किटिआ लातिना' ही वेगळी सरावपुस्तिका यांना फाटा देऊ नका.

आता प्रश्न तुमच्या वेळेचा. वाचनाची रीत चालवायला रोज शेजारी बसून मोठ्याने वाचणारं, लॅटिनमध्येच साधे प्रश्न विचारणारं कुणीतरी हवं. आठवड्यातून दोन दिवसच हाताशी असतील तर व्याकरणाच्या रीतीचं, व्हिडिओ आणि संपूर्ण उत्तरसूची असलेलं पुस्तक घ्या. मुलाचा स्वभाव पाहून निवडा असं सगळे सांगतात. आमचं मत, शिकवणाऱ्याचं वेळापत्रक आधी पाहा. घरातलं लॅटिन बंद पडतं ते बहुतेकदा शिकवणारा मागे पडल्यामुळे.

दोन्ही रीती थोड्या मिसळणं उत्तम, फक्त एक पुस्तक मुख्य आणि दुसरं जोडीला. दोन मुख्य पुस्तकं एकदम चालवली की शब्दसंग्रह जुळत नाही आणि दोन्ही अर्धी राहतात.

४. उच्चार एकदाच ठरवा

दोन उच्चारपद्धती चालतात. अभिजात पद्धत म्हणजे प्राचीन रोमचा उच्चार विद्वानांनी पुन्हा बांधलेला. चर्चची पद्धत इटालियन वळणाची. सिसरोचं नाव पहिल्या पद्धतीत 'किकेरो' आणि दुसरीत 'चिचेरो'. कृपा या अर्थाचा शब्द पहिल्यात 'ग्रातिआ', दुसऱ्यात 'ग्रात्सिआ'. 'पुएल्लाय' हे रूप चर्चच्या उच्चारात 'पुएल्ले' होतं. जर्मन सम्राटाला मराठीत आपण 'कैसर' म्हणतो, त्यात 'सीझर'चा जुना उच्चार जवळजवळ जसाच्या तसा टिकून आहे.

कोणती पद्धत बरोबर यावर वाद घालण्यात अर्थ नाही. प्राचीन वाङ्मय आणि कविता वाचायची तर अभिजात, गायन आणि प्रार्थना हव्या तर चर्चची. पण ध्वनिफीत, व्हिडिओ आणि तुमचा स्वतःचा उच्चार या तिन्ही ठिकाणी एकच पद्धत असू द्या. विकत घेण्याआधी ध्वनिफितीचा नमुना ऐका.

स्वरावरच्या आडव्या रेघेकडेही लक्ष असू द्या. रेघ असेल तर स्वर दीर्घ. देवनागरी वाचणाऱ्या मुलाला हे एका मिनिटात कळतं: 'लिबेर' म्हणजे पुस्तक, 'लीबेर' म्हणजे मुक्त. ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक काही पुस्तकांत छापलेलाच नसतो. निदान पहिली तीन वर्षं रेघा असलेलंच पुस्तक वापरा, कारण 'पुएल्ला'च्या पहिल्या आणि शेवटच्या रूपात फरक आहे तो फक्त शेवटच्या 'आ'च्या लांबीचा.

५. तक्त्यातला विभक्तींचा क्रम तपासा

ही बारीक गोष्ट वाटते, पण पुस्तक मध्येच बदलताना सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. अमेरिकी पुस्तकांत क्रम प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, मग पंचमी-तृतीयेचं काम करणारं रूप. ब्रिटिश परंपरेत प्रथमा, संबोधन, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी आणि शेवटी तेच रूप. ओर्बेर्ग यांचा क्रम आणखी निराळा: प्रथमा, द्वितीया, षष्ठी, चतुर्थी आणि मग पुढचं.

मुलाने तालावर जे पाठ केलेलं असतं ते क्रमासकट पाठ झालेलं असतं. "आ, आय, आय, आम" म्हणणाऱ्या मुलापुढे द्वितीया दुसऱ्या ओळीत असलेला तक्ता आला की ते महिनाभर द्वितीयेच्या जागी षष्ठी लिहीत राहतं. म्हणून मुख्य पुस्तकाचा क्रम हाच घरचा क्रम. जोडीच्या पुस्तकात वेगळा असेल तर ते तक्ते स्वतः त्या क्रमात पुन्हा लिहून चिकटवा.

६. मराठी मूल कुठे चुकतं

आधी चांगली बातमी. इंग्रजी मुलांसाठीच्या पुस्तकात शब्दांच्या मोकळ्या क्रमावर पानंच्या पानं खर्ची पडतात. 'आग्रिकोला पोएताम विदेत' आणि 'पोएताम आग्रिकोला विदेत' या दोन्हींचा अर्थ शेतकरी कवीला पाहतो. मराठीत "शेतकरी कवीला पाहतो" आणि "कवीला शेतकरी पाहतो" हे जसं चालतं तसंच. तीन लिंगं, क्रियापद शेवटी, "मी" न म्हणताही कळणारा कर्ता, संबोधन, यातलं काहीच नवं नाही. संस्कृतचा गंध असेल तर 'मातेर', 'पातेर', 'फ्रातेर', 'सेप्तेम', 'इग्निस' (आई, वडील, भाऊ, सात, अग्नी) ऐकून मूल हरखून जाईल. भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं हे नातं जगासमोर मांडलं होतं. हे धडे भरभर उरका.

आता तीन खड्डे.

पहिला खड्डा म्हणजे आपलं "ला". "मुलीला पाहतो" आणि "मुलीला देतो" या दोन्हींत मराठी "ला" लावते. लॅटिनमध्ये पाहण्यासाठी 'पुएल्लाम', देण्यासाठी 'पुएल्लाय'. मूल दोन्ही ठिकाणी 'पुएल्लाम' लिहितं. त्याला असं विचारायची सवय लावा: क्रिया थेट हिच्यावर होतेय, की दुसरी एखादी वस्तू हिच्यापर्यंत पोचतेय?

दुसरा खड्डा नेमका उलट. "मी पत्र लिहितो" यात पत्राला काहीच प्रत्यय नाही, म्हणून मूल 'एपिस्तुला स्क्रीबो' लिहितं. हवं 'एपिस्तुलाम स्क्रीबो'. निर्जीव कर्म मराठीत बहुधा उघडंच राहतं, लॅटिनमध्ये या गटातल्या नामाला 'म' लागतोच. नपुंसकलिंगी नामांत मात्र प्रथमा आणि द्वितीया सारखीच असते. तो धडा येईपर्यंत ही सवय पक्की झालेली असावी, नाहीतर मुलाला आपली जुनी चूकच बरोबर होती असं वाटेल.

तिसरा सगळ्यांत खोल. "मुलाने पत्र लिहिलं" यात कर्त्याला "ने" लागतो. मुलाला तृतीयेचं काम करणारं रूप नुकतंच शिकवलेलं असतं, ते 'पुएरो' लिहून मोकळं होतं. लॅटिनमध्ये भूतकाळातही कर्ता प्रथमेतच राहतो: 'पुएर एपिस्तुलाम स्क्रीप्सित'. ही चूक पूर्ण भूतकाळाच्या धड्यापाशी उगवते, जिथे पुस्तक फक्त क्रियापदाकडे पाहत असतं. शिवाय लॅटिन क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. "पत्र लिहिलं" आणि "गोष्ट लिहिली" या दोन्हींना 'स्क्रीप्सित' एकच.

म्हणून अभ्यासक्रम हातात आला की या तिन्ही धड्यांची पानं शोधा. प्रत्येकाखाली मराठीतून लॅटिनमध्ये नेण्याची पंधरा-वीस वाक्यं स्वतः तयार करून वहीत लिहून ठेवा. पुस्तकातले इंग्रजीतून लॅटिनचे सराव या चुका उघड करत नाहीत, कारण इंग्रजी वाक्यात "ला" आणि "ने" नसतातच.

७. कोणता अभ्यासक्रम कोणाला

सगळ्यांची यादी इथे देत नाही. ज्यांची रचना एकमेकांपासून स्पष्ट वेगळी आहे तेवढेच घेतले आहेत.

*आठ-दहा वर्षांपर्यंत.* 'मिनिमुस' हे चित्रकथेसारखं पुस्तक ब्रिटनच्या उत्तरेतल्या विंदोलांदा या रोमन ठाण्यावरच्या कुटुंबाची आणि त्यांच्या घरातल्या उंदराची गोष्ट सांगतं. व्याकरण अगदी जपून येतं. गोष्टींवर वाढणाऱ्या मुलांना हे आवडतं, पण याने पाया पूर्ण होत नाही, फक्त कान आणि डोळे तयार होतात. 'साँग स्कूल लॅटिन' गाण्यांवर चालतं. 'प्रिमा लातिना' आणि त्यानंतरचं 'लातिना क्रिस्तिआना' शिस्तीत, थोडे थोडे शब्द घेऊन पुढे जातात. त्यांचा उच्चार चर्चचा आहे आणि मजकुरात ख्रिस्ती प्रार्थना येतात, हे आधी माहीत असावं.

*दहा ते तेरा.* 'फर्स्ट फॉर्म लॅटिन' ते 'फोर्थ फॉर्म' ही चार पुस्तकांची मालिका व्याकरणाच्या रीतीची. रूपं आधी, गुंतागुंतीची वाक्यरचना मागाहून. शिक्षक-मार्गदर्शिका, सरावपुस्तिका, शब्दांची कार्डं, व्हिडिओ असं सगळं मिळतं, त्यामुळे लॅटिन न येणाऱ्या पालकाला हे पेलतं. वाचनासाठी सलग मजकूर कमी, तो तुम्हाला जोडावा लागेल. 'लॅटिन फॉर चिल्ड्रन' हे याच वयासाठी, तालावर म्हणण्यावर भर असलेलं.

'केंब्रिज लॅटिन कोर्स' १९७० पासून चालत आलेला, गोष्टीवर उभा असलेला अभ्यासक्रम. पहिलं पुस्तक इसवी सन ७९ मध्ये, पॉम्पेई या रोमन शहरात, काएकिलिउस नावाच्या सावकाराच्या घरात घडतं. हा माणूस खरोखर होऊन गेला, त्याच्या घरात व्यवहाराच्या मेणपाट्या सापडल्या आहेत. मुलं गोष्टीत रंगून जातात. मात्र विभक्ती फार सावकाश येतात: चतुर्थी नवव्या पायरीवर (म्हणजे प्रकरणात), षष्ठी सतराव्या. मराठी मुलाला एवढी सावकाशी लागत नाही. विभक्ती हा शब्दच ज्याला परका आहे त्याच्यासाठी ती ठेवलेली आहे. दुसरं, यात आणि 'फामिलिआ रोमाना'तही गुलामगिरी आणि मारहाण आहे. लहान मुलासोबत वाचताना आधी स्वतः प्रकरण वाचा आणि त्यावर बोलायची तयारी ठेवा.

*तेरा-चौदाच्या पुढे.* 'फामिलिआ रोमाना' बारा-तेरापासून चालतं, पण खरं खुलतं ते या वयात. 'व्हीलॉक्स लॅटिन' मूळ १९५६ चं, ४० प्रकरणांचं, कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं. पुस्तकाच्या शेवटी स्वयंअध्ययनाचे सराव आणि त्यांची उत्तरं आहेत, म्हणून शिस्तीच्या मोठ्या मुलाला एकट्याने करता येतं. वेग मात्र तीव्र आहे, एका प्रकरणाला एक आठवडा ठेवला तर बहुतेक मुलं दमतात. दोन ठेवा. 'हेन्ले लॅटिन'मध्ये व्याकरणाचं पुस्तक वेगळं आणि उत्तरसूची वेगळी घ्यावी लागते. सरावाची वाक्यं भरपूर आहेत आणि सीझर वाचण्याकडे नेणारी आहेत. सराव कमी पडतोय असं वाटणाऱ्यांनी ते जोडपुस्तक म्हणूनही पाहावं.

*पालकाला स्वतःला आधी हात लावून पाहायचा असेल तर* 'गेटिंग स्टार्टेड विथ लॅटिन' सोपं आहे: एका धड्यात एकच नवी गोष्ट, उत्तरं मागे. मुलाच्या आधी दोन महिने तुम्ही हे करा, पुढचं सगळं हलकं होतं. मोबाइलवरची ॲप्स शब्दांच्या उजळणीपुरती ठीक, मुख्य अभ्यासक्रम म्हणून नाही.

८. मागवण्याआधी ही यादी ताडून पाहा

- विद्यार्थ्याचं पुस्तक
- सरावपुस्तिका, वेगळी असेल तर
- *संपूर्ण* उत्तरसूची, फक्त निवडक उत्तरांची नको
- शिक्षक-मार्गदर्शिका
- ध्वनिफीत किंवा व्हिडिओ, तुम्ही ठरवलेल्या उच्चारात
- चाचण्या
- लहान लॅटिन शब्दकोश (दुसऱ्या वर्षापासून)
- कोरी कार्डं, ३०० तरी

या सगळ्याची आवृत्ती एकच असली पाहिजे. जुनी पुस्तकं स्वस्तात घेताना सहाव्या आवृत्तीचं पुस्तक आणि सातव्या आवृत्तीची उत्तरसूची अशी जोडी सहज गळ्यात पडते. केंब्रिजचा अभ्यासक्रम ब्रिटिश आवृत्तीत पाच पुस्तकांत आणि उत्तर अमेरिकी आवृत्तीत चार भागांत विभागलेला आहे, तिथे तर गोंधळ आणखी सहज होतो. विकणाऱ्याकडून आवृत्तीचं पान मागवून घ्या. पहिल्याच दिवशी चार वर्षांचा संच मात्र घेऊ नका.

शब्दसंग्रहही पाहून घ्या. डिकिन्सन कॉलेजने लॅटिनमधल्या सर्वाधिक वापरातल्या सुमारे १००० शब्दांची यादी केली आहे आणि ती खुली आहे. पुस्तकाच्या शेवटच्या शब्दसूचीतले कोणतेही ५० शब्द घ्या, त्यातले बरेचसे या यादीत सापडले पाहिजेत.

९. पूर्ण संच घेण्याआधी तीन धड्यांची चाचणी

बहुतेक प्रकाशक नमुन्याची पानं देतात. पहिला धडा सगळ्यांचाच गोड असतो, त्यावरून ठरवू नका. मुलाबरोबर सुरुवातीचे तीन धडे करा आणि तुम्ही एकट्याने पुस्तकाच्या मधला एक धडा पेन्सिल घेऊन सोडवा. मधला धडा तुम्हाला मागचं उलटून पाहतसुद्धा उमगत नसेल तर सहा महिन्यांनी शिकवणार कसं?

तिसऱ्या धड्यानंतर मुलाला पुस्तकात नसलेली पाच वाक्यं द्या, शब्द तेच, जोडणी नवी. "शेतकरी कवीला पाहतो" शिकला असेल तर "कवी शेतकऱ्याला पाहतो" लिहायला सांगा. पाचांपैकी चार आली तर रीत लागू पडते आहे. दोनच आली तर धडे पुन्हा करा. तरीही दोनच राहिली तर रीत बदलून पाहा.

१०. वेळ आणि कार्डं

आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज थोडं बसणं कितीतरी चांगलं. लहानांना रोज १५-२० मिनिटं, मधल्यांना ३०, मोठ्यांना ४५, आठवड्यातून चार किंवा पाच दिवस. लहानांना आठवड्याला आठ-दहा नवे शब्द पुरतात, मोठ्यांना वीस-पंचवीस. प्रत्येक बैठकीची पहिली पाच मिनिटं जुन्या कार्डांची.

कार्ड अर्धवट लिहाल तर दुसऱ्या वर्षी सगळी कार्डं पुन्हा करावी लागतील. नामाच्या कार्डावर चार गोष्टी हव्यात: प्रथमा, षष्ठी, लिंग, अर्थ. "रेक्स – राजा" एवढंच लिहू नका. "रेक्स, रेगिस, पुल्लिंग, राजा" असं लिहा. पुढची सगळी रूपं 'रेग-' या अंगावरून (प्रत्ययाआधीच्या भागावरून) होतात आणि ते अंग षष्ठीतच दिसतं. क्रियापदाच्या कार्डावर चारही मूळ रूपं: 'आमो, आमारे, आमावी, आमातुम'. शब्दकोशातही क्रियापद "मी प्रेम करतो" या अर्थाच्या पहिल्या रूपाखाली सापडतं, मूळ धातूखाली नाही.

११. अडलं तर कधी थांबायचं, कधी बदलायचं

तिसऱ्या गटाच्या नामांपाशी जवळजवळ प्रत्येक मूल अडतं. तिथे प्रथमेवरून पुढचं रूप ओळखता येत नाही: 'नोमेन', 'नोमिनिस', 'कोर्पुस', 'कोर्पोरिस'. इथे अभ्यासक्रम बदलू नका, कारण नव्या पुस्तकातही हा डोंगर येणारच. नवे धडे तीन आठवडे थांबवा आणि फक्त वाचन आणि कार्डं चालू ठेवा.

बदलायचं ते या कारणांसाठी: उत्तरसूचीत तुमच्या प्रश्नांची उत्तरं वारंवार मिळत नाहीत, तुमच्या दिवसात त्या पुस्तकाला हवा तेवढा वेळ खरोखरच नाही, किंवा दोन महिने नियमित करूनही मूल नवी वाक्यं लावू शकत नाही. बदलताना पुस्तकाच्या सुरुवातीपासून जा, मधून शिरू नका. पहिली काही प्रकरणं आठवड्याला दोन या वेगाने संपतील. विभक्तींचा क्रम बदलत असेल तर पहिल्या दिवशी जुना तक्ता भिंतीवरून काढा आणि नवा तिथेच लावा.